दुभाजकात मावलेली रेल्वे

नागपुरात कामठी रोडवर, गड्डीगोदामला, वाहतुकीचे चार थर एकावर एक आहेत. सगळ्यात खाली रेल्वेपुलाखालून जाणारा रस्ता. त्याच्यावर नागपूरहून इटारसीकडे आणि पुढे दिल्लीकडे निघालेला लोहमार्ग. लोहमार्गाच्या वर महामार्गाचा उड्डाणपूल आणि उड्डाणपुलाच्याही वर मेट्रो. खालून ऑटो, तिच्यावरून मालगाडी, मालगाडीवरून ट्रक आणि ट्रकवरून मेट्रो असे चौघे एकाच क्षणी एका उभ्या रेषेत येऊ शकतात, आणि कुणालाच कुणासाठी थांबावं लागत नाही. लोहमार्ग ओलांडणारा पोलादी गाळा ८० मीटर लांब आहे, त्याचं वजन सुमारे १,६५० टन. खालचा लोहमार्ग देशाच्या उत्तर-दक्षिण वाहतुकीची मुख्य वाट असल्यामुळे तो दिवसचे दिवस बंद ठेवणं शक्यच नव्हतं. रेल्वेकडून मोजक्या तासांचे ब्लॉक मागून घ्यायचे आणि तेवढ्यात काम उरकायचं, अशा रीतीने हे धूड तिथं चढलं.

हे दृश्य पाहताना नजर उंचीवर खिळते, ते साहजिक आहे. पण मला विचाराल तर उन्नत मेट्रोचं खरं नवल उंचीत नाही. ते आहे तिला लागणाऱ्या जमिनीच्या तोकडेपणात. चाळीस-पन्नास वर्षांत गच्च भरलेल्या शहरातून दुहेरी लोहमार्ग न्यायचा, रोज हजारो माणसं पोचवायची आणि त्यासाठी रस्त्यावर जागा मागायची ती फक्त दुभाजकाएवढी, दोन-अडीच मीटर रुंदीची. एरवी तिथं कण्हेर आणि बोगनवेल लावतात. तेवढ्या पट्टीत खांब उभा राहतो आणि बाकी सगळा संसार तो हवेत मांडतो. हे कसं साधतं ते समजून घेतलं की रोजच्या वाटेवरचा खांबही निराळा दिसू लागतो.

शहरातली रेल्वे खांबांवर चढवण्याची सुरुवात आपल्याकडे चेन्नईत झाली. तिथल्या उन्नत रेल्वेचा पहिला टप्पा १९९५ साली सुरू झाला. दिल्ली मेट्रोचा पहिला तुकडा, शाहदरा ते तीस हजारी, हाही उन्नतच. तो २००२ च्या डिसेंबरात धावू लागला. त्याची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे होती. कोकण रेल्वेमुळे ते आपल्याला आधीपासून ठाऊक होते. महाराष्ट्रातली पहिली मेट्रो मुंबईत, वर्सोवा ते घाटकोपर, ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं आणि सगळीच्या सगळी खांबांवर. नागपूरचं काम २०१५ मध्ये सुरू झालं. ७ मार्च २०१९ ला खापरी ते सीताबर्डी गाडी धावली, पुढच्या जानेवारीत सीताबर्डीहून, म्हणजे बोलीतल्या बर्डीहून, लोकमान्यनगरकडे, आणि ११ डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा पूर्ण झाला. उत्तर-दक्षिण जाणारा ऑरेंज मार्ग, पूर्व-पश्चिम जाणारा ॲक्वा मार्ग, दोन्ही मिळून सुमारे ४० किलोमीटर, आणि दोघांची भेट मुंजे चौकातल्या सीताबर्डी स्थानकात. विमानतळाच्या दक्षिणेला गाडी थोडी जमिनीवर उतरते, बाकी जवळजवळ सगळी वाट हवेतली. खर्चाचा आराखडा ८,६८० कोटींचा होता आणि त्यातला मोठा वाटा जर्मनी आणि फ्रान्सच्या विकास बँकांच्या कर्जातून आला. भुयारी मेट्रो याच्या दुपटी-तिपटीने महाग पडते, म्हणून रुंद रस्ते असलेल्या शहरांनी खांबांची वाट धरली.

आता खांबाकडे येऊ. आपल्याला दिसतो तो त्याचा वरचा भाग. त्याच्या पायाशी रस्त्याखाली काँक्रीटचा जाडजूड ठोकळा असतो, आणि ठोकळ्याच्या खाली जमिनीत खोल गेलेले चार-सहा काँक्रीटचे खांब. त्यांना पाइल म्हणतात. गोल भोक पाडायचं, लोखंडी सळयांचा पिंजरा आत सोडायचा, काँक्रीट ओतायचं. भोक किती खोल जाणार हे तिथला खडक ठरवतो, आणि नागपूरचा खडक मोठा रंजक आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून दख्खनचं पठार झालं, त्या पठाराची पूर्वेकडची कड नागपूर शहरातच येऊन संपते. बर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची. तिच्या पूर्वेला गेलं की त्याहून कितीतरी जुना नाइस खडक लागतो. ज्यांच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी हंटर या सहकाऱ्याबरोबर १८५५ साली या परिसराच्या खडकांवर आणि जीवाश्मांवर निबंध लिहिला होता. लोकमान्यनगरहून प्रजापतीनगरला निघालेली ॲक्वा मार्गाची गाडी अर्ध्या-पाऊण तासात ही भूगर्भातली सीमा ओलांडते. वर बसलेल्याला पत्ताही लागत नाही, पण खाली पाया खणणाऱ्यांना लागला होता. या खडकांवर काळी चिकणमाती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून पाइल तिला ओलांडून खालच्या खडकात रोवतात. पाइल टाकण्याआधी पाण्याच्या, सांडपाण्याच्या, विजेच्या आणि टेलिफोनच्या वाहिन्या शोधून हलवाव्या लागतात. जुन्या शहरात त्यांचे नकाशे पूर्ण नसतात, त्यामुळे हे काम पायाइतकंच वेळखाऊ. रस्त्यावर महिनोन्महिने पत्रे ठोकलेले असतात आणि आत काहीच घडत नाही असं आपल्याला वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा हेच चालू असतं.

खांब उभा राहिला, त्यावर माथा म्हणजे पिअर कॅप बसली. पुढचा खांब साधारण ३० मीटरवर. या दोघांच्या मधली पोकळी भरून काढायची आहे, आणि खाली रस्ता चालू ठेवायचा आहे. इथून गोष्ट खरी सुरू होते.

काँक्रीट दाबाला फार बळकट असतं. ताणाला मात्र अगदीच लेचंपेचं. दाबाच्या मानाने त्याची ताण सोसण्याची ताकद जेमतेम दहावा हिस्सा. दोन टोकांवर टेकवलेली तुळई मधोमध वाकते तेव्हा तिच्या वरच्या कडेवर दाब येतो, खालच्या कडेवर ताण. म्हणून काँक्रीट खालून तडकतं. साध्या घरात तिथं लोखंडी सळ्या घालून भागतं. ३० मीटरच्या गाळ्यावर भरलेली गाडी धावणार असेल तर तेवढ्याने भागत नाही, किंवा तुळई इतकी जाड करावी लागते की ती स्वतःच्याच वजनाने थकते. मग उपाय काय? काँक्रीटला आधीच इतकं करकचून दाबून ठेवायचं की गाडी आल्यावर खालच्या कडेला ताण जाणवण्याआधी तो साठवलेला दाब फक्त थोडा कमी व्हावा. काँक्रीटला ताण सोसण्याची वेळच येऊ द्यायची नाही.

आपल्या गावातल्या लोहाराला ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. बैलगाडीचं लाकडी चाक अनेक तुकड्यांचं असतं. त्यावर लोखंडाची धाव चढवताना लोहार ती तापवून लाल करतो. तापलेली धाव फुगलेली असते, ती चाकावर बसते, आणि पाणी ओतताच आक्रसून सगळे तुकडे असे आवळते की पुढे खडकाळ पांदणीतून वर्षानुवर्षं जाऊनही चाक सुटत नाही. लाकडाला ना खिळा, ना डिंक. फक्त सतत चालू असलेली आवळणी.

काँक्रीटला अशी आवळणी देण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू होता, पण दर वेळी काही महिन्यांत ती ढिली पडायची. याचं कारण सापडलं युजेन फ्रेसिने या फ्रेंच अभियंत्याला. १९११ च्या सुमारास त्याने ल व्हर्द्र या गावी नदीवर कमानींचा पूल बांधला. पूल झाला, रहदारी सुरू झाली, आणि काही महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं की कमानींचे माथे हळूहळू खाली बसताहेत. त्याने कमानींच्या माथ्याशी जॅक लावले, त्या पुन्हा वर उचलल्या आणि पूल वाचवला. या प्रसंगातून त्याला जे कळलं ते त्याच्या काळातल्या पाठ्यपुस्तकांत नव्हतं: काँक्रीट सतत दाबाखाली असलं की ते वर्षानुवर्षं अगदी थोडं थोडं आखूड होत राहतं. दगडासारखा दिसणारा पदार्थ आतून सरकत असतो.

हे कळल्यावर हिशेब सोपा झाला. साधं लोखंड ताणून ताणून हजारात एक भाग लांबतं. काँक्रीट आखूड होतं तेही साधारण त्याच मापाने. म्हणजे दिलेला सगळा ताण काँक्रीटच्या आखडण्यातच जिरून जातो, शिल्लक काही उरत नाही. पण फार बळकट पोलाद वापरलं, ते हजारात सात भाग लांबेल इतकं ताणलं, तर काँक्रीटने त्यातला एखादा भाग गिळला तरी बाकीची आवळणी शंभर वर्षं टिकेल. फ्रेसिनेने १९२८ साली यावर पेटंट घेतलं. नागपूरच्या डोक्यावरून मेट्रो धावते ती त्या हिशेबावर.

या कामाची पोलादी दोरी सात तारांची, साधारण १५ मिलिमीटर जाडीची, म्हणजे बोटाएवढी. ती तुटायला सुमारे २६ टनांची ओढ लागते. अशा दहा-वीस दोऱ्यांची एक केबल आणि एका गाळ्यात अशा अनेक केबल. गाळ्याच्या टोकाला जॅक लावून त्या ताणतात तेव्हा ३० मीटरची केबल जवळजवळ वीतभर लांबते. ती लांबी कामावरचे लोक पट्टीने मोजतात, कारण केबल नीट ताणली गेली की कुठं अडकली याचा तोच पुरावा असतो. मग टोकाशी पोलादी पाचरी घट्ट बसतात, जॅक सोडतात, आणि केबल परत आखडू पाहते. तिला आखडता येत नाही. तिचं ते सगळं बळ काँक्रीटला दाबून धरण्यात खर्च होतं, दिवसरात्र, पुलाचं आयुष्य संपेपर्यंत.

आता मुळातलं आश्चर्य. दोन खांबांच्या मधला गाळा अखंड असतोच असं नाही. बहुतेक ठिकाणी तो आठ-दहा तुकड्यांचा असतो. त्या तुकड्यांना सेगमेंट म्हणतात. एकेक सेगमेंट सुमारे तीन मीटर लांब आणि तीस-चाळीस टन वजनाचा, आतून पोकळ. ते शहराबाहेरच्या कास्टिंग यार्डात तयार होतात, आणि तिथं एक फार सुंदर पद्धत आहे. पहिला सेगमेंट ओतून वाळला की त्याचाच चेहरा साचा म्हणून वापरून त्याला चिकटून दुसरा ओततात, दुसऱ्याला चिकटून तिसरा. मग ते अलग करतात. त्यामुळे प्रत्येक सेगमेंट जगात फक्त आपल्या दोन शेजाऱ्यांशीच तंतोतंत जुळतो. मार्गाला वळण असेल, चढ असेल, तर तो यार्डातच, प्रत्येक तुकड्याला केसभर तिरपा ओतून तयार होतो. वळण आधी कागदावर, मग यार्डात जन्मतं आणि शेवटी शहरात दिसतं. एक तुकडा दोन मिलिमीटर चुकला तर ती चूक पुढच्या प्रत्येक तुकड्यात वाढत जाईल, म्हणून रोज सकाळी उन्हं चढण्याआधी मोजमापं घेतात आणि मागच्या तुकड्याची चूक पुढच्यात भरून काढतात.

रात्री रहदारी ओसरली की हे तुकडे लांब ट्रेलरवरून रस्त्याने येतात. वर दोन खांबांच्या माथ्यांवर लाँचर उभा असतो, पिवळा किंवा निळा रंग दिलेला पोलादी सांगाडा. तो एकेक सेगमेंट उचलतो आणि सगळे आपल्या पोटाखाली लोंबते ठेवतो. तुकड्यांच्या चेहऱ्यांना इपॉक्सीचा लेप देतात, एकमेकांना भिडवतात, केबल ओवतात, ताणतात. या क्षणी गाळा किंचित कमान धरून स्वतः उचलला जातो आणि त्याचं वजन लाँचरकडून खांबांकडे जातं. एवढा वेळ जे दहा सुटे दगड होते, ते आता एक पूल असतात. मग लाँचर आपणच बांधलेल्या पुलावरून सरकत पुढच्या खांबावर जातो. जमिनीवर त्याला पाय टेकवावा लागत नाही. खाली रस्त्यावरून दूधवाल्याची गाडी गेलेली असते.

माणसं याखालून जाताना बिचकतात, आणि ते चुकीचं नाही, कारण बांधकामाच्या काळात देशात काही ठिकाणी अपघात झालेले आहेत. धोका असतो तो याच मधल्या तासांमध्ये, उचलण्यात आणि ताणण्यात. एकदा आवळणी बसली की असा गाळा रस्त्यावरच्या कितीतरी जुन्या इमारतींपेक्षा भरवशाचा असतो. अशा पुलांचा सेवाकाल १०० वर्षांचा धरून आराखडे करतात.

सगळीकडे मात्र लाँचर चालत नाही. बर्डीहून कॉटन मार्केटकडे जाताना आनंद टॉकीजजवळ ॲक्वा मार्ग रेल्वेच्या अनेक रुळांवरून जातो. तिथं मध्ये खांब टाकायला जागा नाही आणि खालून आधारही देता येत नाही. मग दोन्ही काठांच्या खांबांपासून पूल दोन्ही बाजूंना सारखाच वाढवत नेला. एका हाताला एक तुकडा, लगेच दुसऱ्या हाताला तेवढाच, म्हणजे तोल जात नाही. असे दोन खांबांचे हात एकमेकांकडे वाढत येतात आणि मधोमध, खाली गाड्या चालू असताना, हवेत जुळतात. दोन बाजूंनी महिनोन्महिने आलेलं बांधकाम मिलिमीटरच्या हिशेबात समोरासमोर यावं, यासाठी मोजणी करणाऱ्यांचं जेवढं कौतुक करावं तेवढं थोडंच.

नागपूरने यापुढची जी उडी मारली तिच्यासाठी नुसतं अभियांत्रिकी कसब पुरेसं नव्हतं. वर्धा रोडवर मेट्रो जायची होती आणि त्याच रस्त्यावर महामार्ग प्राधिकरणाला उड्डाणपूल हवा होता. दोन स्वतंत्र खाती, दोन आराखडे, दोन खांबांच्या रांगा. तसं झालं असतं तर रस्ता खांबांनीच भरून गेला असता. त्याऐवजी दोघांनी एकच खांब वाटून घ्यायचं ठरवलं. जमिनीवर जुना रस्ता, सुमारे ९ मीटरवर खांबाला दोन्ही बाजूंना हात फुटून त्यावर उड्डाणपूल, आणि सुमारे २० मीटरवर माथ्यावर मेट्रो. वाटेत छत्रपती चौकात आधीपासून एक उड्डाणपूल होता. नव्या रचनेत तो बसत नव्हता, म्हणून २०१६ मध्ये तो पाडला. चांगला चालता पूल पाडताना शहराला हळहळ वाटली होती. पण त्या जागी जे उभं राहिलं ते ३.१४ किलोमीटर लांब आहे. दुमजली मेट्रो पूल म्हणून तेव्हा जगात सर्वात लांब असल्याची नोंद गिनीजने २०२२ मध्ये केली. त्यावर छत्रपतीनगर, जयप्रकाशनगर आणि उज्ज्वलनगर अशी तीन स्थानकं आहेत, आणि त्यांच्या खालून उड्डाणपूल वाहत राहतो.

असा खांब साध्या मेट्रोच्या खांबापेक्षा कितीतरी जास्त सोसतो. २० मीटर उंचीवर गाडीने ब्रेक लावला की खांबाच्या डोक्याला पुढे ढकलणारा रेटा बसतो. उंची दुप्पट, तर तळाशी उखडणारा जोर दुप्पट. वाऱ्याचं तेच, भूकंपाचंही तेच. मधल्या उड्डाणपुलावर एका बाजूला ट्रकांची रांग लागली आणि दुसरी बाजू रिकामी असली तर खांब एका बाजूला वाकू पाहतो. हे सगळं दुभाजकाच्या रुंदीत सोसायचं. उत्तरेला कामठी रोडवर, एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक, असाच आणखी लांब, साडेपाच किलोमीटरहून मोठा दुमजली पूल बांधला आणि त्यावरची वाहनं २०२४ पासून धावू लागली. त्यात रस्त्याचा थर 'कणा आणि बरगड्या' या पद्धतीने केला. मध्ये पोकळ काँक्रीटचा कणा, दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या बरगड्या आणि त्यांवर रस्त्याची फरशी. पुण्यानेही याच वाटेने जायचं ठरवलं. २०२० मध्ये विद्यापीठ चौकातले जुने पूल पाडले, ते दुमजली पुलासाठी. मला या सगळ्यात मोठी वाटते ती एक खांब दोन खात्यांनी वाटून घेण्याची घटना. आपल्या शहरांत एक खातं रस्ता करतं आणि दुसरं तो खणतं. तिथं हिशेबाची एकच वही ठेवून दोघांनी मिळून पाया घालावा, हे केबल ताणण्याहून अवघड काम होतं.

आता नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि डिसेंबरच्या पहाटे तो १० च्या खाली येतो. उन्हातला रूळ हवेपेक्षाही जास्त तापतो. एक किलोमीटर लांबीचा मोकळा रूळ ४० अंशांनी तापला तर जवळजवळ हातभर लांबेल. जुन्या रेल्वेत म्हणून रुळांच्या जोडांत फट ठेवत, आणि गाडीचा तो खडखड ताल त्या फटींचा असायचा. मेट्रोचे रूळ एकमेकांना वितळवून जोडलेले असतात, लांबच लांब, फटीशिवाय. मग ती हातभर वाढ जाते कुठं? ती जातच नाही. रूळ इतक्या घट्ट पकडी लावून खालच्या काँक्रीटला बांधलेला असतो की त्याला लांबताच येत नाही. वाढण्याची सगळी इच्छा आतल्या दाबात बदलते. ठरवलेल्या मधल्या तापमानापेक्षा रूळ ३० अंशांनी जास्त तापला की एकेका रुळात पन्नासेक टनांचा दाब साठतो आणि रूळ जागचा हलत नाही. पण खालचा पूल मात्र हलतो. ३० मीटरचा गाळा उन्हाळ्या-हिवाळ्यात सुमारे एक सेंटिमीटरने लांब-आखूड होतो. त्याला हलू द्यावंच लागतं, नाहीतर खांब वाकतील. म्हणून गाळा खांबावर थेट टेकत नाही. मध्ये बेअरिंग असतात, त्यावर तो सरकतो. वरचा रूळ हलायला तयार नाही, खालचा पूल हलल्याशिवाय राहत नाही, आणि दोघे पकडींनी एकमेकांना बांधलेले. दोघांमधली ही ओढाताण किती, ती खांबावर किती येणार, याचा हिशेब प्रत्येक गाळ्यासाठी वेगळा मांडतात. भर दुपारी तीन वाजता वर्धा रोडवरून जाताना डोक्यावर हे सगळं चालू असतं, आणि कानावर काही येत नाही.

गाडीबद्दल थोडक्यात. तीन डबे, वर २५ हजार व्होल्टची तार. स्थानक आलं की गाडीच्या मोटरी उलटं काम करतात, वेग कमी करताना वीज तयार करून तारेत परत सोडतात आणि ती दुसरी एखादी गाडी वापरते. स्थानकांच्या छतांवर सौर पट्ट्या आहेत. जिथं मे महिन्यातलं ऊन शत्रू वाटतं तिथं ते कामाला लावलं, हे मला मनापासून आवडतं.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगितली पाहिजे. १०० वर्षांसाठी बांधलेली गोष्ट सहज बदलता येत नाही. आज खांबाखाली जी जागा उरली आहे तीच आपल्या नातवंडांना मिळणार आहे. इतक्या कष्टाने वाचवलेली जमीन आपण कशाला वापरतो? स्थानकाचा जिना जिथं उतरतो तिथं धड पदपथ नसेल, रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे नसतील, बस किंवा ऑटो उभी राहायला जागा नसेल, तर वरच्या मिलिमीटरच्या हिशेबाचं चीज होत नाही. प्रवासी स्थानकापर्यंत चालतच येतो, आणि मे महिन्यात तो सावलीतूनच चालेल. पुलाची सावली आयती मिळाली आहे. तिच्याखाली चालता येईल असा सलग पदपथ करणं हे महापालिकेचं काम आहे, आणि नागरिकांनी ते आग्रहाने मागितलं पाहिजे. खांबांवर फलक चिकटवू नका, दुभाजकात कचरा टाकू नका, हे तर आपल्याच हातात आहे.

दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली: ४३.८ किलोमीटर, ३२ स्थानकं, बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि कापसी या चार दिशांना. जिथं काम चालू दिसेल तिथं एकदा रात्री मुलांना घेऊन जा. पत्र्यांच्या बाहेर, सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि ट्रेलरवर आलेल्या सेगमेंटवर रंगाने लिहिलेला आकडा वाचा. मग लाँचरला लोंबणाऱ्या तुकड्यांवर त्याच्या आधीचा आणि नंतरचा आकडा शोधा. एकदा रूळ पडले आणि गाडी सुरू झाली की ते आकडे खालून दिसत नाहीत.